मासळी गेली, मीठ तेच राहिलं

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून दोन दिवस आहारतज्ज्ञ म्हणून बसते. एका प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल. येणाऱ्या बहुतेक बायकांना साखर तरी असते, नाहीतर हिमोग्लोबिन कमी असतं. आयोडीनसाठी म्हणून माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. ही बाईही आयोडीनसाठी आली नव्हती. तिचं नाव, गाव लिहीत नाही.

वय २८, प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्नाला तीन वर्षं. दोघांनी आता मूल हवं असं ठरवलं होतं आणि त्याआधी सगळ्या तपासण्या करून घ्यायला ती आली होती. हेच मुळात दुर्मीळ. आमच्याकडे बायका पाळी चुकल्यावर, तीही दुसऱ्यांदा चुकल्यावर येतात. तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, ५.१ म्हणजे थोडा जास्त आला होता. टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, ठीक; थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं नाहीत. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले आणि तोवर आहार बघून घ्या म्हणून मागच्या खोलीत पाठवलं.

इथे एक कबुली देते. ही बाई माझ्याकडे पहिल्यांदा येत नव्हती. आठ महिन्यांपूर्वी वजनासाठी येऊन गेली होती. तेव्हाचा कागद मी काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मीठ – मध्यम. कमी करावे.’ कोणतं मीठ, हे मी विचारलंच नव्हतं. आमच्या छापील अर्जात तो रकानाच नाही. कमी, मध्यम, जास्त, यांपैकी एकावर खूण करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं.

या वेळी सुरुवात तिनेच केली. “मॅडम, थायरॉईड वाढलाय म्हटल्यावर मी आयोडीनवालं मीठ बंद केलंय. शेंदेलोण सुरू केलं.”

“कुणी सांगितलं?”

“शाळेच्या ग्रुपवर आलं होतं. थायरॉईडवाल्यांनी आयोडीनचं मीठ खाऊ नये म्हणून.”

हा निरोप मला आजवर पन्नास जणींनी तरी दाखवला असेल. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो मरत नाही. थायरॉईडच्या काही विशिष्ट आजारांत, किंवा किरणोत्सारी आयोडीनचे उपचार घेण्याआधी, डॉक्टर थोड्या दिवसांसाठी आयोडीन कमी करायला सांगतात. तेवढ्यावरून ‘थायरॉईड म्हणजे आयोडीन बंद’ असं समीकरण होऊन बसलं. थायरॉईडचं संप्रेरक बनतंच आयोडीनपासून. टी-४ मधला ४ हा आकडा आयोडीनच्या चार अणूंचाच आहे. कच्चा माल तोडून कारखाना कसा सुधारणार?

ग्रुपवरचा निरोप हे मात्र या प्रकरणाचं वरचं साल होतं. मी तिला म्हटलं, घरात जेवढी मिठं आहेत तेवढी पुढच्या खेपेला डब्यांतून घेऊन ये.

ती तीन डब्या घेऊन आली.

पहिल्या डबीत खडे मीठ. जाडं, करडं, बोटांना ओलसर लागणारं. तिच्या चुलतसासऱ्यांची मिठागरात कामाची ओळख, दरवर्षी पावसाळ्याआधी एक गोण घरी येते. बेगमीचं मीठ. माळ्यावरच्या रांजणात भरून ठेवतात, आमटी-भाजीला तेच. दुसऱ्या डबीत तिचं स्वतःचं गुलाबी शेंदेलोण. महिन्याभरापासून स्वतःच्या ताटात ती वरून तेच घेत होती. तिसऱ्यात पिशवीचं आयोडीनयुक्त मीठ, ज्याच्या वेष्टनावर हसऱ्या सूर्याची खूण असते ते.

“हे कशाला वापरता?”

ती ओशाळून हसली. “गुळण्यांना. आणि द्राक्षं आणली की धुवायला.”

माझ्याकडे मीठ तपासायची छोटी कुपी असते. आरोग्य खात्याच्या आयोडीन कार्यक्रमात जे जिल्हे येतात तिथल्या आशाताईंकडेही ती असते. महिन्याला ५० घरांतलं मीठ तपासायचं आणि त्याचे २५ रुपये मिळायचे, असा त्यांचा हिशेब. मी तीन बशांत चिमूट चिमूट मीठ ठेवलं, चमच्याच्या पाठीने सपाट केलं आणि एकेक थेंब टाकला.

शेंदेलोण होतं तसंच राहिलं, फक्त भिजलं. खडे मीठही तसंच. काही मिठं अल्कधर्मी असली की रंग धरत नाहीत, म्हणून त्यासाठी कुपीबरोबर येणारं दुसरं द्रावण आधी टाकून पुन्हा थेंब टाकला. काही नाही. पिशवीच्या मिठावर थेंब पडला तशी क्षणात जांभळी-निळी टिकली उमटली. फिकी होती, पण होती.

“हे तर बटाट्यावर आयोडीन टाकल्यासारखं झालं!” ती म्हणाली. मास्तरीणच ती. तत्त्व खरोखर तेच आहे. कुपीत पिठूळ पदार्थ आणि आम्ल असतं. मिठातलं पोटॅशियम आयोडेट त्यात फुटलं की मोकळं आयोडीन पिठाला निळं करतं. तिने थेंब टाकायची कुपी माझ्या हातून घेतली आणि तिन्ही बशांवर पुन्हा एकदा स्वतः करून पाहिलं. मी पंधरा मिनिटं बोलून जे झालं नसतं ते त्या टिकलीने केलं.

ही कुपी आयोडीन आहे की नाही एवढंच भरवशाने सांगते. किती आहे, हे रंगाच्या गडदपणावरून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. त्यासाठी प्रयोगशाळेतलं अनुमापन लागतं. देशाच्या आकड्यांतही हा फरक उतरलेला दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सुमारे ९४ टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ सापडलं. पण २०१८-१९च्या आयोडीन सर्वेक्षणात ‘पुरेसं’ आयोडीन, म्हणजे १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) किंवा जास्त असलेलं मीठ ७६.३ टक्के घरांतच होतं. मीठ आयोडीनचं आहे आणि आयोडीन पुरेसं आहे, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तिची टिकली फिकी का, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं.

मी सहसा घरी जात नाही. इथे गेले, कारण तिने सांगितलं, “मीठ आई आणतात. तुम्हीच बोला.”

सासूबाई साठीच्या. गळ्यात तुळशीची माळ. सासरे वारकरी, दरवर्षी पंढरीला पायी जाणारे. मी तपासणीची गोष्ट सांगितली, त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि मग म्हणाल्या, “बाई, आमच्या सात पिढ्या याच मिठावर वाढल्या. आमच्यात कुणाचा गळा सुजलेला बघितलात का तुम्ही?”

खरं सांगते, या प्रश्नाला मी पूर्वी टोलवून लावत असे. ‘काकू, आता काळ बदलला’ वगैरे. त्या दिवशी मात्र प्रश्न बरोबर वाटला. गलगंड म्हटलं की डोळ्यासमोर हिमालयाच्या पायथ्याची गावं येतात. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, त्यातूनच १९६२चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. कोकणचा किनारा त्या चित्रात नव्हता. खाऱ्या हवेत, मिठागरांच्या कुशीत राहणाऱ्या माणसांना आयोडीन कसलं कमी पडणार, असं कुणालाही वाटेल.

पण मिठागरातल्या मिठात आयोडीन नगण्य असतं. समुद्राच्या पाण्यात मुळातच ते कमी, आणि मीठ पिकताना त्यातलं फारसं खड्यात उतरत नाही. मग या सात पिढ्यांना आयोडीन मिळालं कुठून?

“काकू, पूर्वी घरात मासळी किती व्हायची?”

“रोज! सुकट-बोंबील तर पावसातही. माझी सासू जवळ्याशिवाय जेवायची नाही.”

“आणि आता?”

त्यांनी माळेला हात लावला. “बावीस वर्षं झाली. माझं लग्न झालं तेव्हा खायचो सगळे. ह्यांनी माळ घातली, तेव्हापासून घरात बंद.”

मीठ कधीच आयोडीनचं नव्हतं. आयोडीन मासळीतून येत होतं. मासळी गेली, मीठ तेच राहिलं, आणि बावीस वर्षांत कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. सून मुळात घाटावरची, शाकाहारी घरातली. वजन कमी करायचं म्हणून तिने दूध सोडलं होतं, चहा कोरा. अंडं घरात नाही. म्हणजे आयोडीनच्या जेवढ्या वाटा आपल्याकडे असतात, मासळी, दूध-दही, अंडी, आयोडीनचं मीठ, त्या एकेक करून बंद झालेल्या. एकेकट्याने बघितलं तर प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता. त्यात ‘मीठ कमी करा’ हा माझाही निर्णय धरा.

स्वयंपाकघरात पिशवीचं मीठ कुठे आहे ते पाहिलं. गॅसच्या शेगडीशेजारी, झाकण नसलेल्या स्टीलच्या वाटीत, आषाढातल्या दमट हवेत. खालचा थर गोळा झालेला. आयोडेट तसं टिकाऊ असतं, पण ओल आणि उष्णता मिळून त्याची कसर लागतेच. टिकली फिकी का, हे कोडं तिथे सुटलं.

आता हे सगळं गर्भारपणाआधीच का बघायचं? गर्भारपणात मिठाकडे लक्ष दिलं तर नाही का चालत? तिच्या नवऱ्याने हाच प्रश्न विचारला आणि मला तो आवडला.

गर्भ राहिला की आईच्या थायरॉईडवर कामाचा बोजा साधारण दीडपट होतो. मूत्रपिंडं जास्त वेगाने काम करू लागतात, त्यामुळे लघवीवाटे आयोडीन जास्त जातं. शिवाय बाळाचा वाटा. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन धरू लागते, पण पुरेसं संप्रेरक बनवायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर बाळाच्या मेंदूची सगळी मदार आईच्या टी-४वर. आणि आमच्याकडे नावनोंदणी होते कधी? आठव्या, दहाव्या आठवड्याला. कधी बाराव्या. पेरणी होऊन गेल्यावर बियाणं निवडायला बसावं तसं ते होतं. ज्या बाईचं आयोडीन वर्षानुवर्षं पुरेसं आहे तिच्या ग्रंथीत १५ ते २० मिलिग्रॅम साठा असतो. पहिले आठवडे त्यावर निभावतात. साठा रिकामा असेल तर मग धावपळ.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गर्भारपणात आणि अंगावर पाजताना २५०. हे आकडे ऐकायला मोठे वाटतात. प्रत्यक्षात एका जन्माला पुरणारं आयोडीन एका चहाच्या चमच्यात मावेल. फक्त ते एकदम खाऊन चालत नाही.

मी तिच्या वहीत हिशेब मांडला. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. तिच्या पोटात घरच्या स्वयंपाकातून दिवसाला सहाएक ग्रॅम मीठ जात असेल. १५ने धरलं तर ९०, ३०ने धरलं तर १८०. शिजवताना पाचवा हिस्सा गेला असं मानलं तर ७२ ते १४४. एरवीची गरज दुधा-दह्याच्या जोडीने भागेल. गर्भारपणातले २५० या एका वाटेने येतीलच असं नाही, आणि त्यासाठी मीठ वाढवणं हा तर वेडेपणाच. रक्तदाबाचं काय करायचं? मीठ कमीच खावं, पण जेवढं खावं ते आयोडीनचं असावं, एवढाच त्याचा अर्थ.

नवऱ्याने मग लघवीतलं आयोडीन तपासू या म्हणून धरलं. पैसे द्यायला तो तयार होता. मी नको म्हटलं. लघवीतलं आयोडीन सकाळी एक, संध्याकाळी एक, काल दही खाल्लं तर तिसरंच. ती चाचणी गावाची, गटाची अवस्था सांगायला उत्तम आहे. शेकडो गर्भवतींचा मध्यांक लिटरमागे १५० ते २४९ मायक्रोग्रॅममध्ये असला तर त्या गटाचं आयोडीन पुरेसं म्हणतात. एका बाईच्या एका नमुन्यावरून तिला कमतरता आहे की नाही हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेवाले अहवाल देतात, त्यावर ठळक अक्षरांत ‘कमी’ असंही छापतात. तरी नाही सांगता येत.

मिठावर परत येते. सासूबाईंशी तह झाला तो असा: लोणचं, पापड, मिरच्या, यांना रांजणातलं खडे मीठ. आयोडीनच्या मिठाने लोणचं काळं पडतं असं त्यांचं ठाम मत. माझ्या घरी पडत नाही, पण त्या वादात मी शिरले नाही. रोजच्या आमटी-भाजीला पिशवीचं. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब, चमचा कोरडा. आमटी उतरवताना मीठ घालायचं. शेंदेलोण एकादशीला. सुनेने सकाळी एक कप दूध आणि जेवणात दह्याची वाटी परत सुरू केली. कोबी-फ्लॉवर थायरॉईडला वाईट म्हणून तिने तेही टाकले होते. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला काही हरकत नाही म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला आपल्याकडे बंदी आहे. ही बंदी २०००मध्ये केंद्राने उठवली होती, माणसाला काय खायचं ते ठरवू द्या असा तेव्हाचा युक्तिवाद; २००६मध्ये ती पुन्हा आली. पण कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. चुलतसासऱ्यांनी प्रेमाने पाठवलेल्या गोणीवर कुणी निरीक्षक बसवणार आहे का? आणि बसवावा असंही मला वाटत नाही.

सात आठवड्यांनी टीएसएच ४.३ आला. मिठामुळे उतरला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. टीएसएच आपोआपही एवढा वर-खाली होतो. डॉक्टरांनी गोळी न देता लक्ष ठेवायचं ठरवलं. पाठोपाठ त्यांनी गर्भधारणेआधीच्या गोळ्या लिहिल्या आणि इथे आम्ही दोघांनी मिळून दुकानातल्या पाच-सहा वेष्टनांची मागची बाजू वाचली. हा उद्योग प्रत्येकाने एकदा करावा. सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असतं, आयोडीन नसतं; ती गोळी त्यासाठी बनलेलीच नाही. ‘गर्भवतींसाठी संपूर्ण पोषण’ म्हणणाऱ्या महागड्या गोळ्यांपैकीही काहींत आयोडीन होतं, काहींत अजिबात नव्हतं. १५० मायक्रोग्रॅमवाली एक निवडली.

दोन आठवड्यांनी नवरा ऑनलाइन मागवलेली समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आला. नैसर्गिक आयोडीन, बाटलीवर कसलंच प्रमाण नाही. ती बाटली मी ठेवून घेतली. गर्भारपणात दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमपलीकडे जाऊन काही मिळत नाही, उलट आयोडीन फार झालं की बाळाची कोवळी ग्रंथी काम थांबवू शकते. मोठ्यांची ग्रंथी त्यातून सावरते, गर्भातल्या बाळाची ती शक्ती शेवटच्या महिन्यांपर्यंत तयार होत नाही. कमी पडतं म्हटलं की दुप्पट द्यायचं, हा आपला जुना खाक्या.

गोळीबाबत मला स्वतःला एक शंका होती आणि ती मी डॉक्टरांकडे बोलूनही दाखवली. तीव्र कमतरता वाईटच, त्यात दुमत नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात सौम्य कमतरता असलेल्या आयांची मुलं आठव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यांकात आणि नवव्या वर्षी वाचनात थोडी मागे दिसली. पण बंगळुरू आणि बँकॉक इथे ८३२ गर्भवतींवर रीतसर चाचणी झाली, काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन, काहींना आयोडीन नसलेली नुसतीच गोळी. २०१७मध्ये निकाल आले तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मुलांत फरक सापडला नाही. म्हणजे सौम्य कमतरतेत गर्भारपणी सुरू केलेली गोळी मुलाला हुशार करते, असं छातीठोक म्हणता येत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, हिच्या बाबतीत तीन दारं बंद होती आणि मीठ नुकतंच बदललंय. १५० सुरक्षित आहे, देऊ या. मला ते पटलं. तिलाही दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. ती म्हणाली, “मुलाला हुशार करायचं माझं मी बघीन, तुम्ही मीठ बघा.”

चौथ्या महिन्यात दिवस राहिले. सहाव्या आठवड्यात टीएसएच २.९. गर्भारपणाच्या सुरुवातीला तो एरवीही उतरतो, तेव्हा त्यातही फुशारकी मारण्यासारखं काही नाही. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, टाचेतून घेतलेल्या रक्ताची थायरॉईड तपासणी नॉर्मल. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. मीठ बदललं नसतं तरी कदाचित हेच झालं असतं. अंगावर पाजतेय तोवर गोळी सुरू आहे.

बाराव्या दिवशी बारशाला गेले होते. सासूबाईंनी मला आत नेऊन बरणी दाखवली. झाकणावर रबराची कड, आत लाकडी चमचा. रांजण माळ्यावर होताच.

दवाखान्याचा अर्ज मी बदलून घेतला. ‘मीठ’ या शब्दापुढे कमी-मध्यम-जास्तच्या आधी आता एक नवी रिकामी ओळ आहे: ‘कोणते?’ त्या आठवड्यातल्या पहिल्या बाईने त्यापुढे लिहिलं: ‘पांढरे’.